ताईंच्या नावावर एक्केचाळीस तास

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्या म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. (मागे एकदा दार लावलं होतं, पण तेव्हा मी बाहेर होतो.)

हेड ऑफिसचं पत्र आलंय. महिनाअखेरपर्यंत अकरातला एक माणूस कमी करायचा. कोणता, ते इथेच ठरवायचं, आणि नुसतं मत चालणार नाही, कागदावर पुरावा पाहिजे. मग साहेबांनी एक जाडजूड गठ्ठा माझ्याकडे सरकवला. इंटरनेट मॉनिटरिंग रिपोर्ट, फेब्रुवारी. कोण कुठल्या साइटवर गेलं, कितीदा गेलं, किती वेळ बसलं, सगळं नावानिशी. म्हणाले, मला यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्ही अभ्यास करा आणि तेरा तारखेला सगळ्यांसमोर मांडा.

अकरा जणांत हे काम मला. म्हणजे जाणारा मी नाही, हे उघड आहे. पुढे-मागे खुर्चीही बदलेल.

संकल्प: नातं, मैत्री, दया, तिन्ही बाजूला ठेवायचं. रोजनिशी रोज लिहायची. आणि कपाळाची वाढ थांबवायची. मला टक्कल नाही. माझं कपाळ मोठं आहे आणि अलीकडे ते थोडं मागे सरकलंय, एवढंच.

केस (डोक्याच्या उजव्या कोपऱ्यातला एक चौरस इंच, भिंगातून): १४.


३ मार्च, मंगळवार

रिपोर्ट दोनशे बारा पानांचा. रकाने चार. हिट्स, व्हिजिट्स, ब्राउज टाइम, बँडविड्थ. हिट म्हणजे माणूस एकदा साइटवर गेला. दहा हिट्स म्हणजे दहादा गेला. यात न समजण्यासारखं काय आहे? व्हिजिट्सचा आकडा हिट्सपेक्षा फारच लहान आहे, त्यामुळे तो बहुधा चुकलेला असणार. सोडून दिला. बँडविड्थ नीटशी कळली नाही, पण ज्याची जास्त तो उधळ्या, हे ऐकल्याबरोबर लक्षात येतं.

आधी स्वतःचं नाव काढलं. पान सात. हिट्स ३१२, तेसुद्धा सगळे कंपनीच्या साइटवर. बाकी सगळे हजारांत. अकरा जणांत मी सर्वांत खाली. ऊर भरून आला.

एका गोष्टीची धाकधूक होती. माझं टेबल साहेबांच्या काचेसमोर, त्यामुळे तिथे मी खासगी साइट उघडत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. केसांचं जे काही वाचायचं ते जेवणाच्या सुट्टीत झेरॉक्सच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर वाचतो. तो कोणाचाच नाही. सकाळी आमच्या ऑफिसातल्या ताई स्कॅनिंगसाठी तो चालू करतात आणि प्रिंट काढणाऱ्यांचा खोळंबा नको म्हणून दिवसभर तसाच ठेवतात. पासवर्डची कटकट नाही. फक्त तिथून प्रिंट काढली की वर ताईंच्या नावाचा एक फुकटचा कागद येतो. कागदाची नासाडी. एकदा बोललं पाहिजे.

तर ते वाचन माझ्या नावावर आलंय का, म्हणून तीनदा पाहिलं. आलेलं नाही. सुट्टीतला वेळ हा माणसाचा स्वतःचा असतो, हे त्या सॉफ्टवेअरला कळतं. चांगलं सॉफ्टवेअर घेतलंय.


४ मार्च, बुधवार

वायरमनला बोलावलं. हा आमचा कॉम्प्युटर-नेटवर्क बघणारा. वायरमन म्हटलेलं त्याला आवडत नाही, म्हणून सगळे म्हणतात. साहेबांचा हुकूम होता की रिपोर्ट कसा वाचायचा ते त्याच्याकडून समजून घ्या.

अर्धा तास बोलला. एक पान उघडलं की त्यावरची चित्रं, जाहिराती, सगळं वेगवेगळं येतं, प्रत्येकाचा एक हिट, म्हणून एका पानाला शंभर-शंभर हिट्स पडतात. पान उघडं ठेवून माणूस उठून गेला तरी जाहिराती आपोआप बदलत राहतात आणि मशीनला वाटतं माणूस बसलाय. वेळ हा मशीनचा अंदाज असतो. वगैरे वगैरे. सोपी गोष्ट अवघड करून सांगायची या लोकांना खोडच असते. रिपोर्टमधल्या नावांबद्दलही काहीतरी सांगत होता, नाव लॉगिनचं असतं की असं काहीसं, पण माझं लक्ष त्याच्या केसांकडे गेलं. एवढं रान, आणि माणूस तेल लावत नाही. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

जाताना त्याने रजिस्टर पुढे केलं. ही आमच्या ऑफिसची जुनी पद्धत. आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. खूप वर्षांपूर्वी कोणीतरी सूचना नीट न ऐकता लिफ्ट चालू केली आणि एकाचा पाय गेला. तेव्हापासून कोणी कोणाला काहीही समजावलं की रजिस्टरमध्ये विषय, मुद्दे, तारीख, आणि ऐकणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं: समजले. खाली सही. नवीन फ्लश कसा दाबायचा याचीसुद्धा नोंद आहे.

लिहिलं. समजले. सही केली. माझी सही ठसठशीत येते.


५ मार्च, गुरुवार

सर्वांत वरचं नाव सापडलं. हिट्स ६१,२४०. ताई.

आता ही ताई कोण, ते रोजनिशीतही लिहून ठेवायला हवं, म्हणजे उद्या कोणी पक्षपाताचा आरोप केला तर. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणतात. माझ्या बायकोची त्या सख्खी थोरली बहीण. इथे बावीस वर्षं. निवृत्तीला दोन वर्षं. काम तक्रारींचं. कुठे लिफ्ट अडकली की फोन ताईंकडे, मग त्या कारागिराला पाठवतात आणि तो पोचेपर्यंत आत अडकलेल्या माणसाशी गप्पा मारत बसतात. याला काम म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न.

माझी नोकरी ताईंनी शब्द टाकल्यामुळे लागली असं सासरी सगळे मानतात. ती तशीही लागली असती. शिवाय त्या मला चारचौघांत भावोजी म्हणतात. गेल्या वर्षी मी स्पष्ट सांगितलं, ऑफिसात सर म्हणत जा. त्या म्हणाल्या, बरं भावोजी.

त्यांच्या हिट्सची फोड पाहिली. सत्तर टक्के ‘अवर्गीकृत’. म्हणजे ज्याला नाव द्यायला सॉफ्टवेअरलाही लाज वाटली. (वायरमन म्हणतो, आपली तक्रारींची साइटच त्यात येते, ती कुठल्याच वर्गात बसत नाही. सबब.) पण खरा दणका पुढे. ‘आरोग्य: केसगळती, टक्कल, विग.’ एक्केचाळीस तास दहा मिनिटं. कामाच्या प्रत्येक दिवशी, दुपारी एक ते तीन.

डोक्याला हात लावून बसलो. ताईंची वेणी कमरेपर्यंत. या बाईला टकलाशी काय कर्तव्य?


६ मार्च, शुक्रवार

उलगडा झाला. ताईंच्या आयुष्यात कोणी टकला आहे. यजमान जाऊन बारा वर्षं झाली. वय छप्पन्न झालंय आणि हे थेर. त्याच्या डोक्याची काळजी ऑफिसच्या वेळात वाहतात.

तो ऑफिसातलाच असणार, या अंदाजाने दिवसभर सगळ्यांची डोकी पाहिली. साहेब मागून विरळ, पण पुढून ठीक. वायरमनचं रान. वॉचमन टोपी घालतो म्हणून त्याला टोपी काढायला लावली, आत भरपूर निघाले. सगळं ऑफिस पालथं घातलं, टक्कल पडलेला एकही माणूस सापडला नाही. म्हणजे बाहेरचा.


८ मार्च, रविवार

बायकोला आडून आडून सांगितलं की ऑफिसातून एक जण जाणार आणि निवड माझ्या हातात आहे. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ताईला हात लावू नका. मी म्हणालो, मी कोणाचं नाव घेतलं का? ती म्हणाली, तुमचा चेहरा बघून कळतं. मग नेहमीचं सुरू झालं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, ताईने तिची वेणी घातली, ताईने स्वतःचं शिक्षण सोडून तिला शिकवलं, लग्नात आईच्या जागी ताई रडली.

मी म्हणालो, न्यायाच्या कामात सासरची माणसं आणू नयेत. वाक्य चांगलं जमलं. ती आत निघून गेली.

केस: १४. स्थिर. स्थिर राहणं हीसुद्धा प्रगतीच.


१० मार्च, मंगळवार

प्रत्यक्ष पाहणी. एक वाजून पाच मिनिटांनी झेरॉक्सच्या खोलीत गेलो, नेहमीप्रमाणे दहा मिनिटं वाचलं (कांद्याचा रस, फायदे आणि वास), वीज वाचावी म्हणून स्क्रीन बंद केला आणि जेवायला गेलो. दीडला ताईंवर नजर ठेवली. त्या स्वतःच्या टेबलावर फोनवर होत्या. कुठेतरी एक लहान मुलगी एकटीच लिफ्टमध्ये अडकली होती. ताई तिला एका हत्तीची गोष्ट सांगत होत्या. हत्ती चाळीस मिनिटं एकाच झाडाखाली उभा होता.

म्हणजे बघा, रिपोर्टप्रमाणे बरोबर याच वेळी त्या टकलाच्या साइटवर असतात. आणि बसलेल्या मात्र फोनवर. हे कसं साधतात? तसाच उठलो, झेरॉक्सच्या खोलीत धाव घेतली. कोणी नाही. स्क्रीन लावला. पान उघडं. कांद्याचा रस.

रंगेहाथ. मी गेल्यावर येऊन उघडलं असणार, तेसुद्धा मी वाचलेलंच. पुरावा म्हणून मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला. काचेत कोणाचं तरी मोठं कपाळ चमकत होतं, ते कापून टाकलं. तीनला परत जाऊन पाहिलं तर पान बंद केलेलं. पुरावा नष्ट करण्याची घाई बघा.


१२ मार्च, गुरुवार

वायरमन आपणहून आला. आवाज खाली करून म्हणाला, सर, उद्याच्या आधी ते केसांचे तास कुठल्या कॉम्प्युटरवरून झालेत ते एकदा बघूया, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, कॉम्प्युटर गुन्हा करत नाही, माणूस करतो. तो म्हणाला, मी तुम्हाला सांगितलं होतं याची रजिस्टरमध्ये नोंद आहे. मी म्हणालो, आहेच, मी नोंद केल्याशिवाय राहत नाही.

भाषण तयार. उद्या निळा शर्ट.


१३ मार्च, शुक्रवार. दुपारी ४

अभूतपूर्व यश.

भिंतीवर तक्ता लावला. सगळ्यांचे आकडे मांडले, माझे सर्वांत शेवटी, नम्रपणे. मग सगळ्यांत उंच खांब दाखवला, आणि त्या खांबातला टकलाचा भाग लाल रंगात. एक्केचाळीस तास. मोठ्याने वाचलं. केसगळती, टक्कल, विग.

सगळे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, थोडं वर, कपाळाकडे. बुद्धिमान माणसाच्या कपाळाकडे लोकांचं लक्ष जातंच. रिसेप्शनवाल्या मुलीने रुमाल तोंडात कोंबला आणि बाहेर गेली. संवेदनशील आहे. ताईंशी तिचं चांगलं जमतं.

साहेबांनी ताईंना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? ताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. चांगली दोन मिनिटं पाहिलं. मला वाटलं गयावया करतील. त्या साहेबांना म्हणाल्या, नाव माझं लिहिलंय ना, मग माझंच धरा. साहेब म्हणाले, ताई, नीट विचार करून बोला. त्या म्हणाल्या, केला विचार, माझी धाकटी बहीण आहे, तिचाही केला. याचा इथे काय संबंध, कोणालाच कळलं नाही. निदान मला तरी. तेवढ्यात बाहेर त्यांचा फोन वाजला आणि त्या उठून गेल्या. कुठेतरी चौथ्या मजल्यावर कोणी अडकलं होतं.

कबुलीच ही. साहेबांनी मग मला एकट्याला थांबवून विचारलं, या आकड्यांचा अर्थ तुम्हाला पूर्ण समजलाय ना? मी म्हणालो, पूर्ण. त्यांनी परत विचारलं. मी परत म्हणालो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, खिडकीबाहेर बघत म्हणाले की हेड ऑफिसला कागद पाहिजे, आणि कागद हाच आहे.


१६ मार्च, सोमवार

ठरलं. ताई शुक्रवारपर्यंत.

बायको बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. मी तिला समजावलं की मी नातं आड येऊ दिलं नाही, याचा उलट तिला अभिमान वाटायला हवा. तिने दिवा बंद केला. मी वाचत होतो.

साहेबांना सुचवलं की रिपोर्ट महिन्याने घेऊ नका, दर आठवड्याला घ्या, म्हणजे कोणी सुटणार नाही. लगेच मान्य.


२० मार्च, शुक्रवार

ताईंचा शेवटचा दिवस. मी दोन पानांचं निरोपाचं भाषण लिहून नेलं होतं, त्यात क्षमेचा उल्लेख होता. साहेब म्हणाले, राहू द्या. सगळे एकेक करून ताईंच्या टेबलापाशी जाऊन आले. वायरमन तर डोळे पुसत होता. पुरुषासारखा पुरुष.

तक्रारींचा फोन आता मी बघायचा. ताईंनी एक वही दिली. कुठल्या इमारतीत कोण अडकतं आणि त्यांच्याशी काय बोलायचं, ते लिहिलेलं. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना अंधाराची भीती, त्यांच्याशी बुद्धिबळावर बोला. बँकेतल्या बाई श्वास रोखून धरतात, त्यांना दहा उलटे मोजायला सांगा. अशी ऐंशी पानं. बावीस वर्षं नोकरी करून माणसाने हे लिहिलं.

निघताना म्हणाल्या, भावोजी, झेरॉक्सच्या खोलीतला कॉम्प्युटर जाताना बंद करत जा, नुसता स्क्रीन नका बंद करू, आधी ते पान बंद करा, आता तीन वाजता कोणी नसेल. मी म्हणालो, विजेच्या बचतीचं मला कोणी शिकवायला नको. जाताना तरी सर म्हणाल्या नाहीत.

वही कपाटात टाकली.


२३ मार्च, सोमवार. दुपारी १.१५

झेरॉक्सचा कॉम्प्युटर उघडेना. पासवर्ड मागतो. आजवर कधी मागितला नव्हता. ताई गेल्या आणि कॉम्प्युटरही बिघडला, योगायोग असतात. वायरमनला बोलावलं. त्याने खटखट केलं आणि म्हणाला, ताईंचं लॉगिन बंद झालंय, आता हे तुमच्या नावाने उघडलंय, यापुढे इथे जे होईल ते तुमच्या नावावर लागेल. रजिस्टर पुढे केलं. इतक्या फालतू गोष्टीचीही नोंद. लिहिलं, समजले.

बरोबर एकला उघडलं. रात्री डोक्याला रेशमी फडकं बांधून झोपावं असा लेख होता. वाचला, स्क्रीन बंद केला.


२५ मार्च, बुधवार

तक्रारीचा फोन. एक बाई अडकलेल्या. श्वास लागला होता. बहुधा बँकेतल्या. मी त्यांना कंपनीचे नियम वाचून दाखवले, कलम चारपासून. त्या रडायला लागल्या. मी म्हणालो, रडू नका, हवा वाया जाते. त्या आणखी रडल्या. कारागीर चाळीस मिनिटांनी पोचला. बाहेर आल्यावर त्यांनी परत फोन केला आणि विचारलं, ताई कुठे आहेत? म्हणालो, त्यांचा इंटरनेटचा वापर जास्त होता. त्यांनी फोन आपटला. ग्राहकांना शिस्त राहिलेली नाही.


२७ मार्च, शुक्रवार

केस: १७! आठवड्यात तीन नवीन. बायकोला दाखवायला गेलो. तिने पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोक्याला हात लावला, तिन्ही चिमटीत धरून काढले आणि टेबलावर ठेवले. टॉवेलचे धागे होते.

झेरॉक्सच्या खोलीत सोमवारनंतर जाणं झालेलं नाही, फोन सोडवत नाही. स्क्रीन मात्र बंदच आहे, येता-जाता पाहतो. वीज वाचतेय.


३० मार्च, सोमवार

आठवड्याचा रिपोर्ट आला. पहिल्या क्रमांकाचं नाव पाहून आधी वाटलं छपाईची चूक आहे. माझं नाव.

‘आरोग्य: केसगळती, टक्कल, विग.’ एकशे एकतीस तास.

सोमवारी दुपारी एकपासून शनिवारी मध्यरात्रीपर्यंत, अखंड. आमचं ऑफिस आठवड्यातून पंचेचाळीस तास उघडं असतं. मी झोपतो कधी, खातो कधी? रिपोर्टची एक प्रत साहेबांकडे आपोआप जाते. दर आठवड्याला. माझ्याच सूचनेवरून.

वायरमनकडे गेलो. तो डबा खात होता. म्हणाला, सर, मी काय सांगू, तुम्हाला तर सगळं समजलंय.

रात्रभर चार मार्चला तो काय काय म्हणाला ते आठवलं. आश्चर्य म्हणजे सगळं आठवलं. माझी स्मरणशक्ती दांडगी आहे.


३१ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलवायच्या आधी मीच गेलो. आक्रमण हाच बचाव. उभ्या उभ्या समजावलं की साहेब, हिट्स म्हणजे व्हिजिट्स नव्हेत. एक पान उघडलं की चित्रं, जाहिराती मिळून शंभर हिट्स पडतात. उघडं राहिलेलं पान आपणहून हलत राहतं, मशीनला वाटतं माणूस बसलाय. वेळ हा नुसता अंदाज. आणि नाव माणसाचं नसतं, लॉगिनचं असतं, खुर्चीत कोण बसलंय ते मशीनला दिसत नाही. इतकं मुद्देसूद मी कधी बोललो नव्हतो.

साहेबांनी विचारलं, हे तुम्हाला आज कळलं का?

आता रिपोर्टचा जाणकार मी. आज कळलं म्हटलं तर इज्जत काय राहिली? म्हणालो, छे, पहिल्या दिवसापासून माहीत आहे, चार मार्च, रजिस्टरमध्ये सही आहे. साहेबांनी रजिस्टर मागवलं. पान काढलं. विषय वाचला, मुद्दे वाचले, समजले वाचलं, माझी सही बोटाने चाचपली. चांगलेच प्रभावित दिसले. मग उठून स्वतःच्या हाताने दार लावलं.

विचारलं, मग ताईंचे एक्केचाळीस तास? मी म्हणालो, ते वेगळे. कसे वेगळे? म्हणालो, उद्या लेखी देतो.

लेखी काय द्यायचं, ते अजून सुचलेलं नाही. सुचेल.


२ एप्रिल, गुरुवार. सकाळी १०.१५

साहेबांनी बोलावलं. दार आधीच लावलेलं. एक टाइप केलेला कागद आणि रजिस्टर. म्हणाले, वाचा आणि लिहा. मी म्हणालो, तुमच्या-माझ्यात वाचायची काय गरज आहे. ते म्हणाले, तरीही वाचा. मी थेट लिहिलं. समजले. सही आज विशेष छान आली.

मॉनिटरिंगचं वेगळं पद काढणार असं कानावर होतंच.


११.००

माझी प्रत टेबलावर बसून वाचली. आकड्यांचा खरा अर्थ माहीत असूनसुद्धा सहकाऱ्याविरुद्ध खोटा अहवाल सादर केल्याबद्दल सेवा आजपासून समाप्त. श्रीमती अमुक यांना सोमवारपासून परत बोलावण्यात येत आहे. अकरातला एक कमी झाल्याचं हेड ऑफिसला कळवण्यात आलं आहे.

केबिनमध्ये धावत गेलो. म्हणालो, साहेब, खरं सांगतो, मला चार मार्चला काहीही समजलं नव्हतं, एक अक्षरसुद्धा, मी त्याचे केस बघत होतो. साहेब म्हणाले, तसंही असेल, पण सही आहे. मग म्हणाले, ते तास कोणाचे हे माझ्याही लक्षात तेरा तारखेलाच आलं होतं, मलाही कागद हवा होता, त्याचं मला जे वाटायचं ते वाटतंय, तुम्ही या आता.

वायरमनने माझं लॉगिन बंद केलं. नोंद केली. सही मागितली.


संध्याकाळी ७.००

बायकोला सगळं आधीच माहीत होतं. ताईंचा फोन आला होता. शांतपणे बसून बोलली, जवळजवळ तीन आठवड्यांनी. म्हणाली, ताई रोज तीन वाजता स्कॅनिंगला जायची तेव्हा तुमचं ते पान बंद करायची, कोणी बघून हसू नये म्हणून. दोन वर्षं करत होती. त्या दिवशी सगळ्यांसमोर एक वाक्य बोलली असती तर तुम्ही तिथेच संपला असतात. बोलली नाही, कारण तुमची नोकरी गेली तर घर माझं हलतं. आजही साहेबांना विचारत होती, दोघांना ठेवता येईल का. समजलं का तुम्हाला?

मी म्हणालो, समजलं.

ती म्हणाली, इथे रजिस्टर नाहीये, नुसतं म्हणू नका. बॅग भरलेलीच होती. ताईकडे जाते म्हणाली. किती दिवस, विचारलं. जाताना दिवे बंद केले नाहीत, ते मी केले.


८.३०

केस: ११.

भिंग पुसून परत मोजले. १०. एक भिंगावर होता.